सुशिलाबाईंची कानाची मशीन

१

सुशिलाबाई पटले न्हाणीतून बाहेर आल्या, ओले केस पंच्यात गुंडाळत खिडकीपाशी गेल्या आणि तिथंच थबकल्या. खिडकीच्या फळीवर त्यांची निळी डबी उघडी पडली होती. आत मखमलीचे दोन खळगे होते आणि दोन्ही रिकामे होते.

“माझी मशीन कोणी नेली?” त्या मोठ्यानं म्हणाल्या.

दुर्गेश्वरी रहांगडाले बाहेर व्हरांड्यात वेणी घालत होती. ती तशीच आत आली. दोन्ही कानांच्या मशिनी गेल्या होत्या. डबीजवळ बॅटरीची नवीकोरी पट्टी मात्र जशीच्या तशी होती, आणि शेजारी चहाचा कप निवत होता.

स्वयंपाक करणारी रामबाई दारातून डोकावली. “वांदरानं नेलं असन,” ती म्हणाली.

दुर्गेश्वरीनं खिडकीला हात लावून पाहिला. बारीक लोखंडी जाळी होती, चारही बाजूंनी घट्ट. त्यातून वांदराचं बोटही आत आलं नसतं.

सालेकशाच्या पुढं, जंगलाला लागून असलेली ही निवासी शाळा. मे महिन्यात पोरं घरी गेलेली, म्हणून हेमेंद्र तुरकरनं ती आठवडाभर मागून घेतली होती. हेमेंद्रचा गोंदियात छापखाना, शिवाय तो दिवाळी अंक काढायचा. ज्यांच्या चार-दोन कथा छापून आल्या आहेत पण पुढं गाडी अडली आहे, अशा लेखकांसाठी त्यानं हे शिबिर ठेवलं होतं. उन्हाचा कडाका पाहून अर्ध्या लोकांनी आयत्या वेळी नावं काढून घेतली. उरले चौघं. गोंदियाच्या कोर्टात लघुलेखक असलेली दुर्गेश्वरी, देवरीच्या कॉलेजात मराठी शिकवणारे गजेंद्र बिसेन, रेल्वेतून निवृत्त झालेले शालीकराम हत्तीमारे आणि मुर्रीच्या अंगणवाडीत मदतनीस असलेली मंजू टेंभरे.

आणि शिकवायला सुशिलाबाई. त्यांचं नाव ऐकूनच चौघं आले होते. बाई कथा वाचत नाहीत, ऐकतात, अशी त्यांची ख्याती. वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर क्षणभरही हलत नसे. इतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस आपल्या वाट्याला कधी आलं नाही, असं मंजू पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

आज शेवटचं वाचन होतं. चार कथांतून बाई एक निवडणार होत्या आणि त्या लेखकाचा पहिला संग्रह हेमेंद्र छापणार होता.

हेमेंद्र धावत आला. त्यानं डबी पाहिली, बाईंकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. बाई मात्र त्याच्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, “एवढं काय त्यात? कथा कागदावर द्या. मी वाचून सांगते.”

“असं कसं?” मागून गजेंद्र म्हणाले. “अक्षर ओळखू येईल. मग कालच्या ठरावाला अर्थ काय राहिला?”

बाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

२

कालचा ठराव गजेंद्रमुळेच झाला होता. जेवणाआधी त्यांनी हेमेंद्रला कोपऱ्यात गाठलं होतं, पण आवाज असा की सगळ्यांना ऐकू जावा. “बाईंना मंजूशिवाय कोणी दिसत नाही. रोज तिचीच वाहवा. निकाल ठरलेलाच असेल तर आम्ही इथं उन्हात भाजून घ्यायला आलो का?”

हेमेंद्रनं तोडगा काढला होता. सभागृहात पडदा बांधायचा. चारही कथा तो स्वतः पडद्याआडून वाचेल, नाव सांगणार नाही. बाई ऐकतील आणि निवडतील. त्यानं बाईंसमोर बसून हे समजावलं तेव्हा त्या “बरं” एवढंच म्हणाल्या आणि डोकं दुखतं म्हणून न जेवताच झोपायला गेल्या.

आता तो पडदा सभागृहात टांगलेला होता आणि त्याच्याखाली चौघं एकमेकांची तोंडं पाहत होती.

“देखो,” हेमेंद्र म्हणाला, “मला कोणावर इल्जाम नाही लावायचा. पण चीज गेली आहे, आणि लहान चीज नाही. बाई आंघोळीला गेल्यावर त्या खोलीत कोण गेलं होतं?”

मंजूनं हात वर केला, वर्गातल्या पोरीसारखा. “मी गेली होती. चाय ठेवली न वापस आली. डबी पाहिलीच नाई मी. कायले पाहू?”

कोणी काही बोललं नाही. हे न बोलणंच वाईट होतं. मंजू एकेकाकडे पाहत राहिली, मग तिचा आवाज चढला. “माही पिशवी पाहाची असन तं पाहा ना.”

“सगळ्यांच्याच पाहू,” हेमेंद्र म्हणाला.

पाहिल्याही सगळ्यांच्या. पण गजेंद्रची बॅग नुसती वरून चाचपली गेली, शालीकरामची पिशवी त्यांनी स्वतःच उघडून दाखवली, दुर्गेश्वरीच्या बॅगेची चेन ओढून लगेच बंद केली. मंजूची पिशवी मात्र गजेंद्रनं खाटेवर उलटी केली. दोन साड्या, परकर, पोरीचा फोटो, पावडरची डबी, घरून आणलेले मुरमुरे. मुरमुरे खाटेच्या पट्ट्यांतून खाली सांडले. दुर्गेश्वरी दाराला टेकून उभी होती. झडती झाली की संशय मिटेल, असं ती मनाशी म्हणत होती. वीस वर्षं कोर्टात काढलेली बाई ती, तिला खरं तर कळायला हवं होतं की झडतीनं संशय मिटत नाही, ज्याची झडती झाली त्याला तो चिकटतो.

काही सापडलं नाही.

“लपवायला अख्खं जंगल आहे,” गजेंद्र म्हणाले. “मला वाटतं पोलिसांत कळवावं.”

हेमेंद्रनं मंजूकडे न बघता सांगितलं, “मंजू, तू दुपारच्या पॅसेंजरनं घरी जा. पोलीस वगैरे मी होऊ देत नाही. बात इथंच संपेल.”

“संपन कशी?” मंजू म्हणाली. “मी आज गेली तं चोर म्हनूनच गेली. नवऱ्यानं सहा दिवसाची परवानगी देली होती. पाचव्याच दिवशी काऊन आली, म्हनन, तवा काय सांगू?”

तिनं खाली वाकून मुरमुरे वेचायला सुरुवात केली.

३

दुर्गेश्वरी शालीकरामकाकांना शोधत मागच्या बाजूला गेली. ते मोहाच्या झाडाखाली सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसले होते. त्यांची खोली बाईंच्या खोलीला लागून होती.

“काका, सकाळी कोणाची चाहूल लागली?”

“चाय ठेवाले पोरगी आली न गेली. तिच्यामांगं कोनी नाई.” त्यांनी खर्रा तोंडात टाकला आणि सवयीनं तोंडापुढं हात धरला. “मले नाव नको पुसू पोरी. मले काय त्याचं? माही कथा निवडली काय, नाई निवडली काय. बाईनं एकच गोष्ट सांगतली मले रोज. ‘छान जमली, शेवट जरा आवळा.’ आता किती आवळू? शेवटाले एकच ओळ उरली.”

दुर्गेश्वरी हसली, पण ते वाक्य तिच्या मनात कुठंतरी अडकलं.

गजेंद्र आपल्या खोलीत कागद डोळ्यांजवळ धरून काहीतरी खोडत होते. त्यांचा चष्मा जाड होता, आणि तरीही कागद अगदी नाकाशी आणल्याशिवाय त्यांना दिसत नसे. सभागृहातही ते तसेच वाचायचे, कागदामागून.

“माझ्यावर संशय आहे का?” त्यांनी वर न पाहता विचारलं.

“तुमचं भांडण होतं बाईंशी. म्हणून विचारते.”

“भांडण नाही, अपमान.” त्यांनी कागद खाली ठेवला. “पहिल्या दिवशी मी कथेचा फक्त पूर्वार्ध वाचला. तसं सांगूनच वाचला. बाईंनी काय म्हणावं? ‘छान जमली आहे, शेवट जरा आवळा.’ अहो, शेवट अजून लिहिलाच नव्हता मी. याला तुच्छता म्हणायचं नाही तर काय? पण मशीन मी कशाला नेईन? पडदा माझ्याच तक्रारीमुळं लागला. बाईंनी नीट ऐकावं म्हणूनच तक्रार केली ना?”

ते खरं होतं. मशीन गेल्यानं सर्वांत मोठं नुकसान गजेंद्रचंच होत होतं.

हेमेंद्र फोनवर बोलत व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. फोन ठेवल्यावर दुर्गेश्वरीनं सरळ विचारलं, “बाईंना ऐकू आलं नाही तर कथा कोण निवडणार? तुम्हीच ना?”

“म्हणजे मी चोरली?” तो थकल्यासारखा हसला. “मॅडम, मला निवडायचंच असतं तर बाईंना कशाला बोलावलं असतं? सगळ्या जिल्ह्यात मी सांगून ठेवलंय की बाई ऐकून निवडणार. लोक मला विचारतील, बाईंच्या नावावर तूच निवडलं काय? मेरी तो इज्जत गई.” तो थांबला. “मंजूला गरज असेल. विकायला.”

“विकायला नेणारा डबी सोडून जाईल? बॅटऱ्या सोडून?”

हेमेंद्र पुन्हा फोन लावायला वळला.

दुर्गेश्वरी व्हरांड्याच्या कठड्यावर बसली. मंजूनं नेली नसावी, कारण बाईंचे कान उघडे असण्यात तिचाच फायदा होता. ती जाणं गजेंद्रला नको होतं, हेमेंद्रला नको होतं, शालीकरामला तर कशाचीच फिकीर नव्हती. मशीन जाऊन एकाचंही भलं होत नव्हतं. आणि तरी ती गेली होती.

४

मंजू पिशवी घेऊन फाटकाकडे निघाली तेव्हा शाळेमागच्या रुळावरून मालगाडी जात होती. कोळशाची, लांबलचक. तिच्या खडखडाटात खिडक्यांची तावदानं हलत होती. सुशिलाबाई आवाजानं नव्हे, पण पायाखालच्या हादऱ्यानं असेल, आपल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दुर्गेश्वरी त्यांच्याजवळच होती.

फाटकाशी मंजू वळली आणि तिकडून काहीतरी म्हणाली. दुर्गेश्वरीला एक अक्षर ऐकू आलं नाही. तिनं कानामागं हात धरला, तरीही नाही.

“घरी?” सुशिलाबाई तिच्या शेजारून मोठ्यानं म्हणाल्या. “आज घरी कशी जातेस? आज तर वाचन आहे.”

दुर्गेश्वरीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाईंच्या कानांत मशीन नव्हती. दुर्गेश्वरीचे स्वतःचे दोन्ही कान धडधाकट होते. मालगाडीच्या गदारोळात तिला जे ऐकू आलं नाही, ते बाईंना कळलं होतं.

आणि मग तिला परवाची संध्याकाळ आठवली. ती आणि बाई नाल्यापर्यंत फिरायला गेल्या होत्या. ऊन कलतं होतं तरी झळ लागत होती, म्हणून दुर्गेश्वरीनं ओढणीनं नाक-तोंड बांधलं होतं. तिनं विचारलं होतं, “बाई, तुमची पहिली कथा छापून आली तेव्हा घरचे काय म्हणाले?” बाई उत्तरल्या होत्या, “हो ना, यंदा आंबा फारच कमी.” तेव्हा दोन्ही कानांत मशीन होती. वाऱ्यानं ऐकू गेलं नसेल, असं समजून तिनं विषय सोडून दिला होता.

कोर्टात पंखे खडखडत असतात, बाहेर वकिलांचा गलका असतो, साक्षीदार पुटपुटतात. तिथं नुसत्या कानांवर काम भागत नाही. साक्षीदाराच्या ओठांवर नजर ठेवायची सवय दुर्गेश्वरीला पहिल्याच वर्षी लागली होती. बाईंची नजर कुठं असते, हे तिला पहिल्याच दिवशी ओळखू यायला हवं होतं.

कागदामागून वाचणारे गजेंद्र. तोंडापुढं हात धरून बोलणारे शालीकराम. दोघांना एकच वाक्य. आणि मंजू, अंगणवाडीतल्या चिमुकल्यांना शिकवून शिकवून जिला प्रत्येक शब्द तोंड उघडून, ठासून म्हणायची सवय झाली होती. वाहवा फक्त तिचीच.

दुर्गेश्वरी फाटकाकडे धावली. मंजू रस्त्यावर ऑटोची वाट पाहत उभी होती.

“गाडीनं जाऊ नकोस,” दुर्गेश्वरी म्हणाली. “थोडं थांब.”

“कायले? अजून काही पाहाचं राहिलं?”

“एकीची पिशवी पाहायची राहिली आहे,” दुर्गेश्वरी म्हणाली.

५

ती बाईंच्या खोलीत गेली, स्टूल ओढलं आणि त्यांच्या अगदी समोर बसली. ओढणी हनुवटीखाली सारली.

“बाई, मशीन कुठं आहे ते मी विचारत नाही,” ती सावकाश म्हणाली. “काल पडदा लावायचं ठरलं नसतं, तर ती आज हरवली असती का? एवढंच सांगा.”

सुशिलाबाईंनी कमरेच्या बटव्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “मंजू घरी का निघाली?”

“तुमची मशीन तिनं चोरली म्हणून. तिची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. पोलिसांचं नाव निघालं.”

“पिशवी?” बाईंचा चेहरा उतरला. “मी तर खोलीत होते. मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगितलं असेल, बाई. तुमच्या पाठीमागून.”

बाईंनी कमरेचा बटवा सोडला. सुपारी आणि गोळ्यांच्या पाकिटाखाली दोन्ही मशिनी रुमालात बांधलेल्या होत्या.

“गेल्या हिवाळ्यापासून,” त्या म्हणाल्या, “या लावल्या की नुसता घूं घूं आवाज येतो. शब्द येत नाहीत. नागपूरचा डॉक्टर म्हणाला, आता यापेक्षा जास्त होणार नाही. ओठ दिसले तर कळतं. पडद्याआडचा माणूस मला मेल्यासारखाच. मशीन नाही म्हटलं की कथा कागदावर येतील, एवढाच हिशेब केला मी. कुणावर बालंट येईल हे डोक्यातही आलं नाही.”

“सरळ का नाही सांगितलं?”

“काय सांगू? ऐकणारी बाई म्हणून बोलावतात ते मला. न ऐकणाऱ्या बाईला कोण बोलावणार? नवरा गेला, मुलगा रायपूरला. वर्षातली ही दोन-तीन शिबिरं सोडली तर माझ्याशी बोलायला कुणी नाही.”

बाईंनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि तो पुढं केला.

“तू सांग, माझ्या खाटेखाली सापडली म्हणून. सगळं मिटेल.”

“मग ते म्हणतील, झडतीच्या धाकानं मंजूनंच खाटेखाली टाकली. बाई, मशीन दुसरीकडं कुठूनही सापडली तरी चोर तीच राहते. एकाच ठिकाणाहून सापडली तर मंजू सुटते.”

बाहेर रामबाई भांडी घासत होती. सुशिलाबाई तिच्याकडे जाळीतून बघत राहिल्या. मग रुमाल घेऊन उठल्या.

६

सभागृहात हेमेंद्र पडदा उतरवत होता. बाईंनी त्याला हातानं थांबवलं. मंजूला आत बोलावलं, सगळ्यांना समोर बसवलं, आणि रुमाल टेबलावर उलगडला.

“माझी मशीन माझ्याजवळच होती,” त्या म्हणाल्या. “मीच लपवली. मंजूनं डबीला हातही लावला नाही. मला ऐकू येत नाही, मशीन लावूनही येत नाही. तुमच्या तोंडाकडे बघून मला कळतं. पडद्यामागचं कळलं नसतं, म्हणून हे केलं.”

हेमेंद्रनं पडद्याची दोरी हातातून सोडली. गजेंद्र अर्धवट उठले.

“म्हणजे माझी कथा तुम्ही...”

“नाही ऐकली. तुमचा कागद तोंडापुढं होता.”

“चारही दिवस?”

“चारही दिवस. तुमचा राग बरोबर होता, बिसेन सर. मी उगीच काहीतरी म्हणायचे.”

शालीकराम खाली मान घालून म्हणाले, “मी आपला शेवट आवळून राहिलो होतो.” हसावं की नाही हे कोणाला कळेना.

मंजू दाराजवळच उभी होती. ती पुढं आली, बाईंच्या समोर. “न माही कथा? चांगली म्हनत होत्या तुमी. रोज म्हनत होत्या.”

“तुझी दिसली मला,” बाई म्हणाल्या. “शब्द न् शब्द दिसला. पण शब्द पकडण्यातच माझा जीव जायचा पोरी, ती चांगली की वाईट हा विचार करायला उसंत कुठली? एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कळली, याचाच मला इतका आनंद व्हायचा की तोंडातून वाहवाच निघायची.”

मंजूनं पिशवी उघडली. मग तिनं आपले कागद काढून टेबलावर ठेवले. “मंग आता वाचा.”

दुपारभर बाई वाचत होत्या, पेन्सिल हातात धरून. अक्षर ओळखू येण्याची गोष्ट कोणी काढली नाही. कूलरमधलं पाणी दोनदा संपलं. चहाच्या वेळेला त्यांनी एकेकाला समोर बसवलं. दुर्गेश्वरीला म्हणाल्या, “तुझ्या कथेत सगळी माणसं खरं बोलतात. म्हणून कंटाळा येतो.” शालीकरामना म्हणाल्या, खोडलेला पहिला शेवटच बरा होता. गजेंद्रची कथा त्यांनी निवडली. मंजूची कथा पेन्सिलीच्या रेघांनी भरून गेली होती. “मधली तीन पानं फुकट आहेत,” त्या म्हणाल्या. “तिथं तू मला खूश करायला बघतेस.”

मंजूनं कागद घेतले. ती रडली नाही.

गजेंद्रनं आपलं नाव ऐकलं तेव्हा त्यांना आनंद झाला असावा, पण तो दाखवायला त्यांना जागा सापडेना. ते मंजूपाशी गेले, हात जोडले आणि माफी मागितली. हेमेंद्रनंही मागितली, दोन भाषांत. मंजूनं दोघांनाही “होय” म्हटलं, त्यापुढं काही नाही.

७

दुसऱ्या दिवशी सालेकसा स्टेशनवर दुर्गेश्वरी आणि मंजू गोंदियाच्या गाडीची वाट पाहत होत्या. बाकावर मंजू बसली होती. दुर्गेश्वरी उभी होती, कारण मंजू बाकाच्या मधोमध बसली होती आणि सरकत नव्हती.

“बाई हेमेंद्रला म्हणाल्या, पुढच्या वेळी कथा आधी टपालानं मागव,” दुर्गेश्वरी बोलायचं म्हणून बोलली. “तो म्हणाला, बघू.”

मंजू रुळांकडे बघत होती.

“दीदी,” ती म्हणाली, “त्या दोघायनं माफी मांगली. तुमी नाई मांगली.”

मी नसते तर तू काल दुपारीच घरी गेली असतीस, हे दुर्गेश्वरीच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते तिथंच आवरलं.

“माही पिशवी उलटी केली, तवा तुमी दाराले टेकून उभ्या होत्या. सर तं माह्या विरोधातच होते. त्याह्यचं काही नाई. मी तुमच्याकडं पाहून राहिली होती. तुमी कोर्टातल्या. म्हटलं, आता दीदी बोलन.”

“मी बोलले नाही.”

“नाई बोलल्या.”

उलट्या दिशेच्या गाडीचा सिग्नल पडला. समोरच्या फलाटावरची माणसं गाठोडी उचलू लागली.

“चुकलं माझं,” दुर्गेश्वरी म्हणाली. “मला बोलायला पाहिजे होतं. माफ कर.”

मंजूनं तिच्याकडे निरखून पाहिलं, खरं बोलते की नाही ते तपासल्यासारखं. मग ती बाकाच्या एका कडेला सरकली.

“बसा,” ती म्हणाली. “गाडीले अजून टाइम आहे. ते तीन पानं काढली तं मंग माह्या गोष्टीत उरते काय, ते सांगा मले.”